वीस नंबरचं मशीन

"म्हणजे सर, ह्या दोघी जावा," तोडकरमावशी म्हणाल्या. "एका घरात राहायचं, पण एकमेकींशी बोलायचं न्हाई."

मी फळ्यावर दोन वर्तुळं काढली होती आणि प्रत्येकात तीन-तीन चौकोन. चौकोन म्हणजे संगणक. खरे नव्हेत. एकाच खऱ्या संगणकाच्या पोटात सॉफ्टवेअरनं उभे केलेले, आभासी. वर्तुळं म्हणजे दोन नेटवर्क. डिप्लोमाच्या शेवटच्या वर्षाच्या प्रात्यक्षिकात ती अशी बांधायची, की एकातल्या संगणकाला दुसऱ्यातला दिसताच कामा नये. हे जमलं की मधे सातवं यंत्र उभं करायचं, राउटर, आणि त्याच्यामार्फत निरोपांची ये-जा सुरू करायची. आधी भिंत बांधायची, मग तिला दार पाडायचं. हे ज्यानं अभ्यासक्रमात घातलं तो नक्कीच कधीतरी सोसायटीचा सेक्रेटरी असणार.

"मग राउटर कोण?" मी विचारलं.

"सासू की! जे काय असंल ते सासूकडनं."

प्रयोगशाळेत आम्ही दोघंच होतो, नाहीतर पोरं हसली असती. मी हसलो नाही. सात वर्षं हाच धडा शिकवत होतो आणि मला ह्याहून बरं उदाहरण सुचलं नव्हतं.

"पण एक सांगा," मावशी फळ्याजवळ आल्या. "थोरलीनं विचारलं, मीठ हाय का. सासूनं ते धाकटीला सांगितलं. धाकटी म्हणाली, हाय. आता हे 'हाय' थोरलीपर्यंत कसं जायचं? उत्तरसुद्धा सासूकडंच द्यायचं असतं हे धाकटीला कुणी सांगितलंच नसंल, तर ती भिंतीकडं बघून बोलत बसंल. आणि थोरली म्हणंल, बघा, कशी गुर्मी हाय."

मी खडू खाली ठेवला. परतीचा रस्ता. दर वर्षी साठातली चाळीस पोरं इथंच आपटायची. जायचा रस्ता आखायची, यायचा विसरायची, आणि माझ्याकडे येऊन ठामपणे सांगायची, "सर, केबल खराब आहे." आभासी संगणकांना केबल नसते. हे त्यांना मीच शिकवलेलं असायचं.

"मावशी, हे तुम्हाला कुणी सांगितलं?"

"कोण सांगणार? दोन जावा हायेत मला."

मालन तोडकर तेव्हा चव्वेचाळीस वर्षांच्या होत्या आणि सांगलीपासून तासाभरावर, उसाच्या मधोमध उभ्या असलेल्या आमच्या तंत्रनिकेतनात प्रयोगशाळा परिचर होत्या. परिचर म्हणजे शिपाई, पण अर्जात लिहायला बरा दिसणारा. त्यांचे यजमान ह्याच प्रयोगशाळेत सहायक होते. ते गेल्यावर संस्थेनं मावशींना अनुकंपा तत्त्वावर घेतलं. अनुकंपा दोन पायऱ्या खालची होती. यजमानांची जागा 'पात्र उमेदवार मिळेपर्यंत' रिकामी ठेवण्यात आली आणि नऊ वर्षं ती रिकामी होती. ते सगळं काम मावशी करायच्या. मशीन दुरुस्त करणं, सॉफ्टवेअर टाकणं, पोरांची जर्नलं लावून ठेवणं, आणि मधल्या वेळात चहा. त्यांना पात्र व्हायला दोन गोष्टी लागत होत्या. एक डिप्लोमा, आणि पंचेचाळीसच्या आतलं वय. संस्थेचा नियमच तसा होता.

म्हणून त्यांनी संध्याकाळच्या वर्गाला नाव घातलं. लेकाच्या वयाच्या पोरांबरोबर बसून गणित काढलं, इंग्रजी काढलं. सगळे विषय सुटले, राहिलं एवढं एक प्रात्यक्षिक. पहिल्या वेळी त्यांना परीक्षेला बसता आलं नाही, कारण परीक्षेच्या दिवशी प्रयोगशाळेत ड्यूटी त्यांचीच होती. दुसऱ्या वेळी सासू गेली, खरीखुरी. आता मे महिन्यात तिसरी वेळ होती आणि जुलैत त्यांची पंचेचाळीस पूर्ण होणार होती. म्हणजे चौथी वेळ नव्हती.

मी त्यांना रोज दुपारी शिकवायचो. उपकार म्हणून नव्हे. मी तासिका तत्त्वावरचा प्राध्यापक होतो, सात वर्षं. तासिका तत्त्व म्हणजे तुम्ही आहात आणि नाही, अशी अवस्था. दर जूनमध्ये संस्था तुम्हाला विसरते आणि दर जुलैत तिला तुमची आठवण येते. कायम झालेली मंडळी स्टाफरूममध्ये बसत, मी प्रयोगशाळेत बसायचो. आणि मावशी तिथं असायच्या.

'कोरी पाटी' हीही आमची दोघांची. एका तुकडीचं प्रात्यक्षिक झालं की पोरांनी केलेले उद्योग पुसून वीसही मशीनं जशीच्या तशी करायला अर्धा दिवस जायचा. म्हणून मी एक छोटा प्रोग्रॅम लिहिला. माझ्या टेबलावरून एक आज्ञा दिली की खोलीतले सगळे आभासी संगणक साठवून ठेवलेल्या मूळ स्थितीत परत जात. चाळीस सेकंदांत. नाव मावशींनी ठेवलं. आज्ञाही रोज त्याच द्यायच्या. देण्याआधी दर वेळी खोलीभर नजर टाकून मोठ्यानं विचारायच्या, "कुणाचं काय राहिलंय का रे?" खोलीत कुणी नसलं तरी विचारायच्या.

परीक्षेच्या दिवशी त्या शेवाळी रंगाची इरकल नेसून आल्या. गळ्यात विद्यार्थ्याचं ओळखपत्र. विभागप्रमुख शिरगुप्पे सरांनी त्यांना दारातच गाठलं.

"मावशी, तुम्ही परीक्षेला बसणार, मग बाहेरच्या सरांच्या चहाचं कोण बघणार?"

"थर्मास भरून ठेवलाय सर. कप विसळून पालथे घातलेत. बिस्किटं तुमच्या कपाटात, वरच्या कप्प्यात."

"अस्सं," शिरगुप्पे सर म्हणाले. त्यांना तक्रारीला जागा न उरल्याचं वाईट वाटल्यासारखं दिसलं.

पोरं धावत येऊन चांगली मशीनं पकडून बसली. मावशी वीस नंबरला बसल्या, कोपऱ्यात. त्याचा माऊस मधूनच झोपायचा. "मला त्याची खोड म्हाईत हाय," त्या म्हणाल्या. "पोरांना कुठं कळतंय."

बाहेरचे परीक्षक बावडेकर सर साडेदहाला आले. नारळ, गुलाबाचं फूल, शाल. परीक्षा दहाला सुरू झालेली होती. त्यांनी खोलीत एक फेरी मारली, पंख्याखालची खुर्ची निवडली आणि बारा वाजेपर्यंत वर्तमानपत्र वाचलं. मग तपासणी. प्रत्येक मशीनसमोर जायचं, "करा पिंग" म्हणायचं. पिंग म्हणजे एका संगणकानं दुसऱ्याला 'आहेस का?' म्हणून हाक मारणं. ओ आली तर पास. ओ आली नाही आणि पोरगं रडवेलं झालं, तर बावडेकर सर "रस्ता बघ रस्ता, परतीचा" असं पुटपुटत आणि पाच मिनिटं दुसरीकडे बघत. माणूस वाईट नव्हता.

सव्वाबाराच्या सुमारास मावशींनी मला हात केला. मी जवळ गेलो.

"सर, जरा बघता का? चाललंय. हिकडनं तिकडं आणि तिकडनं हिकडं, दोन्हीकडनं."

माझा फोन वाजत होता. शिरगुप्पे सर होते. "खटावकर, किती वेळ? पुऱ्या तळायला घेतल्यात."

"आता सरांनाच दाखवा मावशी," मी म्हणालो. "ते येतातच आहेत."

"तुम्ही एकदा बघितलं असतं म्हणजे..."

"तुमचं मी काय बघायचं?" मी म्हणालो आणि पुढे गेलो. ही माझ्याकडून स्तुती होती.

बावडेकर सर एकोणीस नंबरपर्यंत आले तेव्हा शिरगुप्पे सर स्वतःच दारात उभे राहिले. "सर, गरम आहे तोवर."

"एकच राहिलंय," बावडेकर सर म्हणाले. त्यांनी वीस नंबरकडे पाहिलं. मावशी उठून उभ्या राहिल्या.

"ह्यांचं आल्यावर बघू की सर," शिरगुप्पे म्हणाले. "घरच्याच आहेत."

"बसा बसा," बावडेकर सर मावशींना म्हणाले. "जेवून येतो. तुम्हीही दोन घास खाऊन घ्या. हात लावू नका कशाला."

मी सगळ्यांना बाहेर काढलं. किल्ली एरवी मावशींकडे असायची, आज माझ्याकडे होती. दीड वाजता दुसरी तुकडी बसायची होती, आणि शिरगुप्पे सरांची जेवणं कशी चालतात हे मला माहीत होतं. आज मावशी परीक्षार्थी, म्हणजे त्यांची कामं मलाच उरकायला हवीत, असा मी कर्तव्यदक्षपणे विचार केला. टेबलाशी वाकलो, आज्ञा दिली, पंखे बंद केले, कुलूप लावलं.

जेवण उत्तम होतं. बासुंदी होती. शिरगुप्पे सरांनी बावडेकर सरांच्या वाटीत तिसऱ्यांदा बासुंदी ओतताना माझ्याकडे मान वळवली. "हे आमचे खटावकर. बुधवारी ह्यांची मुलाखत. कायमच्या जागेसाठी. विषयतज्ज्ञ म्हणून विद्यापीठानं कुणाला पाठवलंय सांगा बघू."

"कुणाला?" मी विचारलं. मला खरंच माहीत नव्हतं.

"अहो, तुमच्या शेजारीच बासुंदी खातायत," शिरगुप्पे म्हणाले, आणि आम्ही तिघंही हसलो. बावडेकर सरांनी माझ्या पाठीवर थाप मारली. "माणूस टापटिपीचा दिसतोय," ते म्हणाले. "मशीनं कशी एकसारखी ठेवलीत. मला आवडतं."

परत आलो तेव्हा एक वाजून पस्तीस मिनिटं झाली होती. दुसऱ्या तुकडीची पोरं पायऱ्यांवर बसली होती. मावशी दाराशी उभ्या होत्या. जेवल्या नव्हत्या. मी कुलूप काढलं, त्या वीस नंबरवर जाऊन बसल्या, माऊस तळहातावर दोनदा आपटून जागा केला.

मग त्यांचा हात थांबला.

मी खोलीच्या दुसऱ्या टोकाला होतो, तरी मला कळलं. पडदा पाहून नव्हे. त्यांनी मान वर करून एकोणीस नंबरकडे पाहिलं, मग अठरा, मग ओळीनं सगळीकडे, आणि शेवटी माझ्या टेबलाकडे. एवढ्या वर्षांत त्यांनी ती आज्ञा हजार वेळा तरी दिली असेल. पाटी कोरी झाली की खोली कशी दिसते हे त्यांच्याइतकं कुणाला ठाऊक नव्हतं.

"हं, करा पिंग," बावडेकर सर त्यांच्या मागे येऊन उभे राहिले.

मावशींनी आज्ञा टाइप केली. एक अक्षर चुकलं नाही. पलीकडून ओ आली नाही. पलीकडे कुणी नव्हतंच. दोन नेटवर्क नव्हती, भिंत नव्हती, मधली सासू नव्हती. सकाळी होते तसे सात रिकामे संगणक होते.

"अहो, ह्याच्यात तर काहीच नाही," बावडेकर सर म्हणाले. "दोन तास काय करत होता तुम्ही?"

"सर, सकाळी..." मावशी म्हणाल्या, आणि थांबल्या.

"सकाळी काय?"

मावशींनी माऊस उचलून सरळ ठेवला.

"बरं, तोंडी विचारतो. परतीचा रस्ता कुठं द्यायचा?"

"दोन्हीकडच्या यंत्रांवर, सर. राउटरचा पत्ता लिहायचा. एकीकडं लिहिला आणि दुसरीकडं विसरला, तर हाक जाते पण ओ येत न्हाई. आणि राउटरवर निरोप पुढं सोडायची परवानगी चालू करायची. ती फायलीत लिहायची, नुसती तोंडी दिली तर लाइट गेल्यावर राउटर विसरतो."

बावडेकर सरांनी चष्मा काढला. दिवसभरात असं उत्तर त्यांना कुणी दिलं नव्हतं. "सगळं येतंय की तुम्हाला. मग केलं का नाही?"

"सर, वीस मिनिटं द्या. परत करून दाखवते."

"बाई, दुसरी तुकडी बाहेर उभी आहे. एकाला वेळ वाढवून दिला तर उद्या एकोणीस जण अर्ज करतील." ते माझ्याकडे वळले. "काय हो खटावकर, तुम्ही अंतर्गत परीक्षक. काय भानगड आहे ही? मशीनचा काही दोष?"

वाक्य अगदी सोपं होतं. सर, चूक माझी. मीच पुसलं. पाच शब्द. वीस मिनिटांचं काम होतं आणि मावशींनी ते पंधरात केलं असतं. मी ते पाच शब्द वाक्यासारखे जुळवून तोंडात धरले. बावडेकर सर माझ्याकडे बघत होते. टापटिपीचा माणूस.

"बघावं लागेल सर," मी म्हणालो.

"बघावं लागेल म्हणजे?"

मी मशीनच्या मागे जाऊन वाकलो आणि एक केबल हलवली. खरंच हलवली.

"ऱ्हाऊ द्या सर," मावशी म्हणाल्या. त्या माझ्याशी बोलत होत्या की बावडेकर सरांशी, कळलं नाही. "माझ्याकडनंच साठवायचं राहिलं असंल."

बावडेकर सरांनी चुकचुकल्यासारखं केलं आणि यादीत आकडा लिहिला.

बुधवारी माझी निवड झाली. हे इथंच सांगून टाकतो, कारण त्यात उत्सुकता वाटण्याजोगं काही नाही. नंतर नऊ वर्षं आम्ही दोघं त्याच प्रयोगशाळेत काम केलं. यजमानांच्या जागेवर इचलकरंजीचा एक पात्र उमेदवार आला. त्याला सगळं मावशींनी शिकवलं.

पण त्या दिवशीचं अजून संपलं नव्हतं.

दुसरी तुकडी साडेतीनला सुटली. बावडेकर सर आणि मी माझ्या टेबलाशी गुणांची यादी पुरी करत बसलो. प्रयोगशाळेचं दार उघडलं आणि मावशी आत आल्या. इरकल बदलली होती. परिचरांची निळी साडी, खांद्याला पिन, गळ्यात काही नाही.

"मावशी, चहा मिळेल का हो?" बावडेकर सर वर न बघता म्हणाले. चहा आल्यावर वर पाहिलं, कप घेतला, पुन्हा यादीत डोकं घातलं. दोन तासांपूर्वी ह्याच बाईला त्यांनी चष्मा काढून दाद दिली होती. त्यांनी तिला ओळखलं नाही. कपबशी धरणाऱ्या हाताकडे कोण बघतं.

चहा झाल्यावर ते शिरगुप्पे सरांचा निरोप घ्यायला गेले. मावशींनी मेणबत्ती, लाखेची कांडी, पितळी शिक्का टेबलावर मांडला. गुणांचं पाकीट लाखबंद करून परीक्षा विभागात पोचवायचं काम सहायकाचं. म्हणजे त्यांचं.

त्यांनी सवयीप्रमाणे यादी वरून खाली पाहिली. नावं नसतात, बैठक क्रमांक असतात. पहिल्या पानाच्या शेवटच्या ओळीवर, स्वतःच्या क्रमांकावर, बोट थांबलं.

"सर, हितं अक्षरी राहिलंय."

आकड्यात गुण लिहिले की पुढच्या रकान्यात ते अक्षरांत लिहायचे असतात, आणि ते अंतर्गत परीक्षकानं. एकोणचाळीस ओळी मी भरल्या होत्या. ही एक रिकामी होती.

"मी बावडेकर सरांना सांगतो," मी म्हणालो. "आत्ता जातो. अजून पाकीट उघडंच आहे."

मावशींनी काडी ओढली, मेणबत्ती लावली. "काय सांगणार?"

"जे झालं ते."

"बुधवारी मुलाखत हाय न्हवं तुमची? पत्रं मीच वाटली." त्यांनी लाखेची कांडी ज्योतीवर धरली. "ते चांगलं म्हणणार न्हाईत सर. आणि जून आलाच."

"मावशी, तुमची ही शेवटची..."

"मला म्हाईत हाय की."

लाख हळूहळू मऊ होत होती. त्या तिच्याकडे बघत होत्या.

"पण चाललं होतं सर. दोन्हीकडनं."

"मला माहीत आहे."

"न्हाई," त्या म्हणाल्या. आवाजात राग नव्हता, एखाद्या पोराची बेरीज सुधारावी तसा होता. "तुम्ही बघितलं न्हवतं."

खाली गाडीचा दरवाजा उघडल्याचा आवाज आला. शिरगुप्पे सर बावडेकर सरांना "पुन्हा या" म्हणत होते. खिडकीतून हाक मारली असती तरी ऐकू गेली असती.

"ऱ्हाऊ दे आता," मावशी म्हणाल्या. "लिव्हा."

मी राहू दिलं. पेन उघडलं आणि त्या रकान्यात लिहिलं. शाई वाळेपर्यंत त्यांनी कागद धरून ठेवला, घडी घालून पाकिटात सरकवला, आणि पाच ठिकाणी लाख सोडून पाचही ठिकाणी शिक्का दाबला. सरळ, नीट, एकही तिरका नाही. मग जावक वही काखेत मारून त्या निघाल्या.

परीक्षा विभाग मैदानापलीकडच्या इमारतीत होता. चार वाजले तरी मे महिन्याचं ऊन कमी झालं नव्हतं आणि वाटेत एक झाड नव्हतं. मी खिडकीत उभा राहून बघत होतो. मैदानाच्या कडेला मावशी थांबल्या. ओल्या लाखेला ऊन लागून शिक्के पाघळू नयेत म्हणून त्यांनी उन्हासाठी डोक्यावर घेतलेला पदर ओढून पाकिटावर धरला, आणि उघड्या डोक्यानं चालू लागल्या.